व्हरांड्यासाठी एक पंखा

आमचे घरमालक काका खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवत. जुन्या स्पीकरमधून काढलेला, मोठ्या जिलबीएवढा, मधोमध भोक असलेला. दुकानदार मालाची तारीफ करू लागला की ते त्याला अडवत नसत. नुसता चुंबक काढून वस्तूला लावत. चिकटला की म्हणत, "लोखंड. गंजणार." नाही चिकटला तरी त्यांचं समाधान नसे. "मग आहे काय हे?" असं म्हणून ती वस्तू नाकापाशी नेत आणि हुंगत. भांड्यांच्या दुकानात हे खपून जाई. पण काकूंची पाटली उजळायला घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या सोनाराकडे नेली, तेव्हा तिथेही त्यांनी चुंबक काढला. सोनाराने काकूंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकी, साहेबनी तबियत तो सारी छे ने?"

तबियत उत्तम होती. वाघोडियाच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर खरेदी विभागात होते आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, एवढंच.

आम्ही नवरा-बायको बडोद्याच्या निजामपुऱ्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घर बघायला गेलो तो महिना मे होता. काकांनी खोल्या दाखवल्या आणि म्हणाले, "आत्ता ठरवू नका. जुलैत आठ दिवस येऊन राहा. पाऊस बघा. कुठे गळतं, कुठे ओल येते, ते बघा. घराने तुम्हाला पास केलं पाहिजे आणि तुम्ही घराला." आम्हाला जूनमध्येच घर हवं होतं. त्यांनी नाइलाजाने दिलं, पण पुढे कित्येक दिवस त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. जुलैत जोराची सर आली की ते जिना चढून वर येत आणि दारातूनच विचारत, "मॅडम, काही तक्रार?" मी नाही म्हटलं की थोडे हिरमुसून खाली जात.

ते मला मॅडमच म्हणत. मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते, तेव्हा त्यात वावगं काही नाही. पण ते भाजीवालीलाही मॅडम म्हणत आणि मग तिच्या दुधीला नख लावून बघत.

"पाऊस हा एकच प्रामाणिक इन्स्पेक्टर आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या कारखान्यात म्हणे कुठलीही नवी वस्तू घ्यायची तर आधी नमुना मागवायचा, तो एक पावसाळा गच्चीवर ठेवायचा, टिकला तर ऑर्डर. आणि टिकलेला नमुना वापरायचा नाही. तो कपाटात जपून ठेवायचा. पुढचा माल आला की त्याच्याशी ताडून बघायचा. हा नियम ते घरी घेऊन आले होते. त्यांच्या हॉलमध्ये एक काचेचं कपाट होतं. लोकांच्या कपाटात चिनी मातीचे ससे असतात. यांच्या कपाटात एक चहाची गाळणी, एक बिजागरी, एक सुरी, साबणाची एक डबी आणि डाव्या पायाची एक चप्पल होती. एकदा पाहुणे अचानक आले आणि काकूंनी त्या सुरीने पपई कापली. काका दोन दिवस पाहुण्यांशीसुद्धा बोलले नाहीत.

काकू मात्र बोलायच्या. त्यांच्याइतकं बोलणारं माणूस मी बडोद्यात दुसरं पाहिलेलं नाही, आणि आमच्या बडोद्यात बोलणाऱ्यांची टंचाई नाही. खालच्या व्हरांड्यात हिंचका, म्हणजे झोपाळा, होता. व्हरांडा तीन बाजूंनी उघडा. रोज संध्याकाळी सोसायटीतल्या चार-पाच जणी तिथे जमत. त्यांतल्या मुख्य म्हणजे समोरच्या इमारतीतल्या जसूबेन. काकू मराठीत बोलत, जसूबेन गुजरातीत, आणि दोघींचं एकमेकींना सगळं कळे. कोणाची सून काय म्हणाली, कोणाच्या लेकाचा कॅनडाचा व्हिसा का अडकला, कोणाच्या उंधियूत तेल जास्त पडलं, हे सगळं त्या हिंचक्यावर ठरत असे. मी शाळेतून परतताना पाच मिनिटं टेकायची आणि तासाने उठायची.

हिंचक्याच्या वर पंखा होता. शोभेचा, घरात लावतात तसला. काका कारखान्याच्या कामात बुडालेले असताना काकूंनीच तो कधीतरी बसवून घेतला होता. त्यामुळे त्याची चाचणी झालेली नव्हती. दमट हवेने त्याची दाबलेल्या लाकडी भुशाची पाती फुगली होती आणि टोकं खाली वाकली होती. फिरताना कुरकुर करायचा. पण वारा लागे आणि मुख्य म्हणजे डास पळत. पावसाळ्यात बडोद्याला वारा पडतो आणि संध्याकाळी डास माणसाला उचलून नेतील अशी स्थिती असते. पंख्याशिवाय उघड्यावर बसणं शक्यच नाही.

भाद्रपदातल्या एका दुपारी काकू हिंचक्यावर आडव्या झाल्या होत्या. कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला उठल्या. त्या स्वयंपाकघरात पोचतात तोच पंखा खाली आला. दांडीसकट. हिंचक्याच्या फळीवर, उशी होती तिथे.

मी आवाज ऐकून खाली धावले. काकू म्हणाल्या, "अगं, वाचले की मी!" आणि हसायला लागल्या. काकांनी दांडी उचलली, उन्हात नेली, आत डोकावून बघितलं. मग मला दाखवली. बाहेरून पांढरा रंग शाबूत, आतून गंजून पापुद्रे सुटलेले. "मटेरियल फेल्युअर," ते म्हणाले. एवढंच. रात्री जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, यांचं पोट बिघडलंय.

त्या हिवाळ्यात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला, पण जिने बंद झाले. वॉकर घेऊन हॉलपासून हिंचक्यापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास. उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा असे, तोवर मैफल चालली. पाऊस सुरू झाला आणि मंडळी हातपाय खाजवत एकेक करून गळाली. त्यांची जागा जसूबेनच्या घरी ठरली. जसूबेन तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही.

"कंटाळो आवे तो फोन करजे," असं जसूबेन काकूंना सांगून गेल्या. काकूंनी दोन-तीनदा केला. पण फोनवर चार जणींचं बोलणं ऐकू येतं, हशा ऐकू येतो, आणि कशावर हसल्या ते कळत नाही. काकूंनी फोन करणं सोडून दिलं. मी संध्याकाळी आले की व्हरांडा रिकामा आणि काकू आत, खिडकीशी. बोलायच्या, पण विचारल्यावर. हे मला फारच विचित्र वाटू लागलं. नळ गळायचा थांबला की वाटतं, तसं.

शेवटी मीच काकांना म्हटलं, "काका, एक पंखा आणा की. दुकानं भरलीत."

"मॅडम, तेच चाललंय."

चाललं होतं ते असं. काकांनी एक संपूर्ण महिना व्हरांड्याचा अभ्यास केला. पाऊस कुठून येतो, शिंतोडे कुठवर पोचतात, हे खडूने फरशीवर आखलं. निष्कर्ष असा की व्हरांडा ओला नाही, ओलसर आहे. ओल्या जागेचा पंखा वेगळा, ओलसर जागेचा वेगळा. मग छताच्या हुकाची परीक्षा. पंखा भरतो पाच किलो. काकांनी हुकाला गव्हाची चाळीस किलोंची गोणी टांगली. ती आठवडाभर तिथे लोंबत होती.

"अहो, गहू दळायला द्यायचाय," काकू आतून ओरडल्या.

"चाचणी चालू आहे."

"मग चाचणी खा रात्री."

आठवडाभर खाली भात आणि वरून आमच्याकडून गेलेल्या पोळ्या.

हुक पास झाला. मग दुकान. काकूंनी मला मुद्दाम बरोबर धाडलं. "तू जा गं. हे एकटे गेले की दुकानदार हाकलून देतो, आणि ह्यांना ते कळतही नाही."

दुकानदार तरुण होता, नव्या उमेदीचा. त्याने पिसासारख्या पात्यांचा, दिव्यांचा, रिमोटचा पंखा दाखवला. काकांनी चुंबक काढला. पात्यांना चिकटला नाही. ती अ‍ॅल्युमिनियमची होती. दांडीला चिकटला. स्क्रूला चिकटला. मोटरला तर असा चिकटला की दोघांनी मिळून ओढावा लागला.

"काका, मोटरमां तो लोखंड होय ज ने!"

"मोटरला माफ आहे," काका म्हणाले. "मोटर झाकलेली आहे. पण हे स्क्रू? स्क्रू काय पाप करून आले, त्यांना उघड्यावर ठेवलंत?"

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघू लागले. तिथे निदान पंखे होते.

तासाभराने काकांनी तीन पंखे निवडले. मला वाटलं, त्यांतला एक घेणार. त्यांनी तिन्ही घेतले. घरामागे कडुलिंबाखाली मोकळी जागा होती. तिथे लोखंडी पाइपांची, झोपाळ्याच्या चौकटीसारखी एक उंच चौकट उभी केली आणि त्या चौकटीला तिन्ही पंखे ओळीने लटकवले. वर छप्पर नाही. एक फुगणार नाही अशा प्लास्टिकच्या पात्यांचा, एक अ‍ॅल्युमिनियमचा, एक दुकानदार देतच नव्हता तो, डेअरीत आणि गोठ्यांत लावतात तसला, दिसायला अगदी गावठी.

"काका, हे ओलसर जागेचे पंखे आहेत ना? मग भर पावसात?"

"जो ओल्यात टिकेल तो ओलसरात झोपा काढेल, मॅडम."

अशा रीतीने त्या पावसाळ्यात आमच्या घरात चित्र असं होतं: पुढे खिडकीशी काकू पुठ्ठ्याने वारा घेतायत, आणि मागे कडुलिंबाखाली तीन पंखे गवताला वारा घालतायत. सोसायटीतलं एक मांजर त्यांच्याखाली येऊन झोपू लागलं. काकू मला म्हणाल्या, "पुढच्या जन्मी ह्यांची बायको नको, मांजर हो, असं कोणीतरी सांगा मला."

काकांनी सावधगिरी म्हणून घराला एक खटका बसवला होता. वीज जराशी गळली तरी सगळ्या घराचा पुरवठा बंद. त्यामुळे चाचणीचे निकाल आम्हाला घरबसल्या कळत. मी मिक्सरमध्ये चटणी वाटत असे, पाऊस वाढे, मिक्सर अर्ध्यात थांबे आणि खालून काकांचा आनंदी आवाज येई, "प्लास्टिक नापास!" काही दिवसांनी पुन्हा अंधार. "अ‍ॅल्युमिनियम नापास!" आमचा फ्रिज नापास होईल की काय, अशी मला भीती वाटू लागली.

गोठ्याचा पंखा मात्र फिरत राहिला. सरी येवोत, कडुलिंबाची काडी अडको, तो आपला फिरतोय. भाद्रपद उजाडला, ऊन तापलं, जमिनीतून वाफ निघू लागली, काकूंचा पुठ्ठा फाटला. मी खाली जाऊन म्हटलं, "काका, झाला ना पास? लावा आता."

"दिवाळीपर्यंत बघू. नियम पूर्ण पावसाळ्याचा आहे."

"आणि दिवाळीनंतर थंडीत पंखा लावणार?" काकूंनी आतून विचारलं.

काका उठले, शर्ट घातला, मला म्हणाले, "चला मॅडम. ऑर्डर देऊ." मी चप्पल घातली की नाही ते बघायलाही थांबले नाहीत.

दुकानदाराने आम्हाला ओळखलं. ओळखल्याचं त्याला वाईट वाटलं असावं. पंख्याचं नाव ऐकून तो चक्क हसला. "काका, ए मॉडल तो बंध थई गयुं. आता येत नाही. नवीन आलंय, त्याहून भारी."

"ते पावसात उभं राहिलंय?"

"डब्यातून पण काढलं नथी, काका!"

काका घरी येऊन हॉलमध्ये बसले. अडचण अशी होती: टिकलेला पंखा जगात एकच, तो मागे कडुलिंबाखाली, आणि तो नमुना. नमुना वापरायचा नाही. कपाटात ठेवायचा.

"कपाटात मावणार नाही तो," मी म्हटलं.

"पाती काढून मावेल," ते म्हणाले. ते खरोखर तोच विचार करत होते.

आता मात्र माझा संयम सुटला. पण ह्या माणसाशी भांडून उपयोग नसतो. मी आमच्या कार्यालयात अशी माणसं पाहिलेली आहेत. त्यांना त्यांच्याच नियमातली वाट दाखवावी लागते. मी विचारलं, "काका, तुमच्या कारखान्यात माल मिळतच नाही, काम अडलंय, आणि हाताशी फक्त नमुना आहे, असं कधी झालंच नाही?"

"झालं होतं. दोनदा."

"मग काय करायचात?"

"मग ज्या खात्याला वस्तू वापरायची असेल, त्याच्या प्रमुखाने स्वतः येऊन मंजुरी द्यायची. जबाबदारी त्याची."

वॉकरची टकटक ऐकू आली. काकू हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ ऐकत असाव्यात.

"वापरणारं खातं मी," त्या म्हणाल्या. "मंजूर."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुला कळतंय का, पुन्हा पडला तर कोणाच्या डोक्यात पडेल ते?"

"कळतंय हो. मीच होते ना तिथे. आणि तुम्हाला सांगू? डोक्यात पडून जाईन एकवेळ, पण ह्या खिडकीत बसून नाही जायची मी. किती महिने झाले, मला माणसाचं तोंड दिसलेलं नाही. तुमचं सोडून. आणि तुम्ही वर बघत असता."

काका उठले आणि वायरमनचा नंबर शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून पंखा मागून पुढे आला. पास झालेलाच हुक, दुहेरी पिन, वर एक पोलादी तार अडकवलेली, म्हणजे सगळं तुटलं तरी तारेला लोंबकळेल. स्क्रूंना ग्रीस. गवतात झोपणारं मांजर पंखा गेला त्या दिशेने येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसलं. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. काकांनी जाहीर केलं की पंखा आठवडाभर भारासह चालवून बघणार. भार म्हणजे काय, ते मला संध्याकाळी शाळेतून आल्यावर कळलं. व्हरांड्यात पंखा पूर्ण वेगात फिरत होता. हिंचका बाजूला सारून बांधून ठेवला होता. पंख्याच्या बरोब्बर खाली खुर्ची, खुर्चीवर काका, अंगात बनियन, हातात वर्तमानपत्र, आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. पट्टा हनुवटीखाली घट्ट. पुढची काच मात्र वर, कारण वाचायला चष्मा लागे.

रस्त्याने जाणारे थांबत. दूधवाला सायकलवरून उतरला. जसूबेन भाजी घेऊन परतत होत्या, त्या फाटकाशी आल्या आणि डोकावून म्हणाल्या, "भाई, स्कूटर क्यां छे?"

काका गंभीरपणे म्हणाले, "चाचणी चालू आहे, बेन."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी फाटकाशी बायकांचा चांगलाच घोळका. आता त्यांना बघण्यासारखं काहीतरी होतं. आत यावं असं सगळ्यांच्या मनात होतं, पण हेल्मेट घातलेला माणूस मधोमध बसलेला असताना येणार कसं? मी पायरीवर मांजराशेजारी बसून चप्पल झटकत होते. तेवढ्यात आतून वॉकर आला, वॉकरमागे काकू. नीट नेसलेलं पातळ, केसात मोगरा. त्यांनी हिंचक्याची दोरी सोडली, हिंचका पंख्याखाली, काकांच्या खुर्चीला खेटून, ओढला आणि बसल्या.

"अजून आठवडा झालेला नाही," काका म्हणाले.

"जसू, ये गं आत. सगळ्या या. फाटक लावा, गाय शिरते."

"मी काय सांगतोय—"

"ऐकतेय मी. तुम्ही सांगा, मी बसते."

काका उभे राहिले. एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा काकूंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पंखा पडला त्या दुपारी दांडी उन्हात नेताना बघितलं होतं, पण तेव्हा मला ते ओळखता आलं नव्हतं. मग त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि काकूंच्या डोक्यावर ठेवलं. मोगऱ्यावरून. पट्टा हनुवटीखाली आवळला, दोन बोटं आत घालून बघितलं, हेल्मेट इकडून तिकडे हलवून बघितलं. "हं," म्हणाले, आणि जाऊन स्विचपाशी उभे राहिले, बोट बटनावर.

मला वाटलं, आता काकू ते भिरकावून देतील. बायका तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकूंनी फक्त काच वर केली, शेजारच्या जागेवर हात थोपटला आणि म्हणाल्या, "बस जसू. काय ते सुनेचं सांगत होतीस, मला अर्धवटच कळलंय."

पंखा जोरात होता आणि हेल्मेट जाड, त्यामुळे काकूंना धड ऐकू येईना. त्या "काय? काय म्हणालीस?" करत राहिल्या आणि जसूबेन आवाज चढवत राहिल्या. त्या संध्याकाळी त्यांच्या सुनेची सगळी हकीकत, अथपासून इतिपर्यंत, आमच्या अख्ख्या सोसायटीला कळली. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेसकट.